तिसरा हिस्सा कुणाच्या पाठीवर?

पाण्याने भरलेल्या गुहेत डोक्यावर खडक असतो. हवा संपली म्हणून सरळ वर येता येत नाही. गेलो त्याच वाटेने परतावे लागते. मग जादा हवा स्वतःच्या अंगावर बाळगायची की जोडीदाराच्या भरवशावर राहायचे? टेक्निकल डायव्हिंगमध्ये हा वाद आजही पंथाभिमानाने घातला जातो. मला त्यात पंथापेक्षा भूगोल जास्त दिसतो.

इंग्लंडमध्ये वूकी होलच्या गुहेत ग्रॅहम बाल्कम आणि जॅक शेपर्ड १९३५ साली उतरले. तिकडच्या गुहांत पाणी गार आणि गढूळ, वाटा चिंचोळ्या. स्वतःचा हात दिसायची मारामार, तिथे जोडीदार काय दिसणार? उलट तोच वाटेत अडकायचा. म्हणून पुढे तिथे एकट्याने जायची आणि दोन स्वतंत्र सिलिंडर, प्रत्येकाला वेगळा रेग्युलेटर म्हणजे श्वास घ्यायची तोटी, अंगालगत बांधायची रीत पडली.

फ्लोरिडात पाणी नितळ, बोगदे ऐसपैस. तिथे जोडीने जाणे सोयीचे. गणिताचे शिक्षक असलेल्या शेक एक्स्ली यांनी अपघात तपासून १९७९ मध्ये एक छोटे पुस्तक काढले. एक हिस्सा हवा जाताना, एक येताना, तिसरा राखीव, हा नियम त्यातून घरोघरी पोचला. सोबत आली सुमारे २.१ मीटरची लांब नळी. जोडीदाराने खूण केली की आपल्या तोंडातलाच रेग्युलेटर काढून त्याला द्यायचा, कारण तो चालतो हे नक्की असते. आपण गळ्याशी लटकणारा दुसरा तोंडात धरायचा. नळी लांब, म्हणून अरुंद जागीही दोघे एकामागे एक निघतात.

आता आकडे मांडा. दोघांकडे २०० बार दाबाची हवा, ६७ बार संपल्यावर मागे फिरायचे. नेमकी तिथेच एकाची हवा गेली, तर दुसऱ्याचे १३३ दोघांना जेमतेम पुरतात. एकट्याच्या दोन सिलिंडरांचा हिशेबही हाच! भांडण ज्यावरून, ती बेरीज एकच, आणि शिल्लक दोन्हीकडे शून्य. घाबरलेला माणूस जास्त हवा ओढतो हे त्यात धरलेलेच नाही. तेव्हा तिसरा हिस्सा पाठीवर कुणाच्याही असो, तो मोठा हवा.

नव्वदच्या दशकात फ्लोरिडातल्याच वकुलाच्या झऱ्यांत काम करणाऱ्या चमूने जोडीच्या पद्धतीला जवळजवळ धर्मच बनवले. पुढे प्रशिक्षणसंस्थांनी एकट्याने उतरण्याचीही प्रमाणपत्रे काढली. दुकान दोन्हीकडे चालते.

खुद्द एक्स्ली विक्रमी खोली गाठायला बहुधा एकटेच जात. ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतल्या झाकातोनच्या विवरात ते आणि जिम बाउडेन वेगवेगळ्या दोरांनी उतरले. बाउडेन वर आले. एक्स्लींचा खोलीमापक थांबला होता सुमारे २७६ मीटरवर. तिथे एका श्वासाला पृष्ठभागाच्या सुमारे २८ पट वायू लागतो.