बॅटरीतले सेल

आमच्या रहिमतपूर भागात रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला सापकिरड्यापासून राखते ती हातातली बॅटरी. गेल्या पावसाळ्यात अब्बांनी फळीवरची स्टीलची बॅटरी उचलली, तर पेटेना. सेलला पाणी सुटून स्प्रिंग गंजली होती. अब्बा अंधारातच गेले. ते परतेपर्यंत अम्मी उंबऱ्यात बसून होत्या.

साध्या सेलचं जस्ताचं कवच वीज देता देता झिजतं आणि आतलं रसायन बाहेर येतं. मग दणकट बॅटरीही आतून जाते. म्हणून बरेच दिवस वापरायची नसेल तर सेल काढून ठेवा. जुना-नवा सेल एकत्र घालू नका. अल्कलाइन सेलवरचा पांढरा थर हातमोजे घालून, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा. मुलांना हात लावू देऊ नका. आणि आज संध्याकाळी घरातली बॅटरी एकदा पेटवून बघाच.