सदर विषय ज्यांच्या अखत्यारीत येत नाही, त्या सर्वांस

मा. महोदय,

मायना मुद्दाम असा लिहिला आहे. आजवर ज्या ज्या दारांवर थाप मारली त्यांची नावे इथे घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण उत्तर सगळीकडून एकच आले, ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ माहिती अधिकारात अर्ज केला, तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत तो दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला. त्यांनी तो तिसऱ्याकडे पाठवला. टोलवाटोलवीतला हा वक्तशीरपणा वाखाणण्याजोगा आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

विषय आपल्याला पाठ असेल, तरी एका ओळीत सांगतो. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर, तोलार खिंडीच्या आसपास, चार भिंती आणि वर पत्रा. बस.

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेले सहा तरुण याच वाटेवर धुक्यात आणि पावसात चुकले. त्यांतला एक गारठून गेला. दरीत पडून नाही, दरड कोसळून नाही, गारठून. महाराष्ट्रात माणूस थंडीने मरतो यावर साहेबलोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगावे लागते. गारठून मरायला बर्फ लागत नाही. हवा पंधरा-सोळा अंशांची असली, अंगावरचे कपडे चिंब असले आणि पठारावरचा वारा थांबत नसला की पुरते. अंगाचे तापमान ३५ अंशांखाली उतरले की माणूस आधी कुडकुडतो, मग बोलताना अडखळतो, मग त्याला वाट समजेनाशी होते. आणि कुडकुडणे थांबते तेव्हा सोबतच्यांना वाटते, आता बरा झाला. ती वेळ सगळ्यांत वाईट. अशा माणसाला आधी वाऱ्यातून आणि पावसातून बाहेर काढायचे असते. कुठे काढायचे, ते आपण सांगा. खिरेश्वरहून खिंडीत यावे, व्याघ्रशिल्पापाशी दम घ्यावा, कातळटप्पा चढावा, तिथून देवळापर्यंत टेकाडांमागून टेकाडे तुडवावीत. धुके उतरले की त्यांतले प्रत्येक टेकाड मागच्यासारखेच दिसते. या साऱ्या पट्ट्यात पावसाळ्यात खात्रीने सापडेल असे पक्के छप्पर एकही नाही.

खिंडीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे अहिल्यानगर, आणि कोकणकड्याखाली ठाणे. तीन जिल्हे, म्हणजे तीन जिल्हाधिकारी आणि तीन आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे. वर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेले, ३६१ चौरस किलोमीटरचे. एवढ्या सगळ्यांच्या मालकीच्या जागेत माणूस हरवला तर शोधायला कोण येते? पदरचे पेट्रोल घालून येणारे बचाव पथकांचे स्वयंसेवक आणि खालच्या गावातला वाटाड्या. त्यांच्या अखत्यारीत काय येते, हे त्यांनी कधी विचारलेले नाही.

आपले ठरलेले आक्षेप आता घेऊ. पहिला, अभयारण्यात बांधकाम करता येत नाही. महोदय, १९८०चा वनसंवर्धन कायदा आम्हीही वाचला आहे, आणि त्याची २०२३ची दुरुस्तीही वाचली आहे. व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा त्या दुरुस्तीने वनेतर वापरातून वगळल्या आहेत. अट काय, तर आराखड्यात नाव हवे. आराखडा कोण लिहिते? आम्ही तर लिहीत नाही. दुसरा आक्षेप पुरातत्त्वाचा. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला मनाई, पुढचे २०० मीटर परवानगीने. मान्य. देवळाच्या दारात छप्पर कोणी मागितलेच नाही. खिंड देवळापासून काही तासांच्या चालीवर आहे. मोजपट्टी घेऊन या, आम्ही दुसरे टोक धरतो.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तिथे मात्र हसू आवरत नाही. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. विधानसभेचे आमदार २८८. म्हणजे १,४४० कोटी. विधान परिषद यात धरलेलीच नाही. एका छपराला सढळ हाताने १० लाख धरा, म्हणजे दगड-पत्रा डोक्यावरून वाहून नेणाऱ्यांची मजुरीही नीट देता येईल. अशी १०० छपरे सह्याद्रीभर बांधली तरी खर्च १० कोटी, म्हणजे वर्षाच्या निधीचा एक टक्काही नाही. तोलार खिंड, आहुपे, अंधारबन, पन्हाळा-पावनखिंडीची वाट, सगळे त्यात बसते. माळशेजच्या रस्त्याने कल्याणहून वर चढणारे सायकलवालेही बसतात. आज ते मोठ्या सरीत कड्याला पाठ लावून उभे राहतात, म्हणजे नेमके जिथे दरड येते तिथे. याच घाटरांगेत ताम्हिणीला जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पावसात रेनकोटाचा उपयोग मानसिक असतो.

छपरे बांधता येत नाहीत असे तर अजिबात नाही. गावोगावच्या एसटीच्या प्रवासी निवाऱ्यांवर ‘यांच्या प्रयत्नांतून’ आणि ‘यांच्या शुभहस्ते’ ही अक्षरे गावाच्या नावापेक्षा मोठी रंगवलेली असतात. खिंडीतल्या निवाऱ्यावरही खुशाल रंगवा. धुक्यात कोणाला वाचता येणार नाहीत, पण रंगवा.

छपराऐवजी आपल्याकडून येतात ते बंदीचे आदेश आणि धोरणे. राजगडावर मुक्कामाला बंदी आली. पद्मावतीच्या देवळात पिढ्यान् पिढ्या लोक पथाऱ्या टाकत आले. तिथे पुढे कचरा आणि धिंगाणा वाढला हेही खरे, आणि ज्यांनी तो घातला त्यांची बाजू मी घेणार नाही. पण खाली पर्यायी निवारा उभारून मग बंदी घालणे हाही एक क्रम असू शकतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा केले. त्यांतले ८ केंद्राच्या पुरातत्त्वाकडे, ४ राज्याच्या. सत्कार झाले, फटाके वाजले. साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे. त्यावर वादळात सापडलेल्या माणसाने वारसा अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा का? २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आले. आयोजकाने नोंदणी कशी करावी ते त्यात आहे. त्या नोंदणीचा कागद भिजला की तोही पांघरता येत नाही.

आणि खिंडीपासून फार लांब नाही असा नाणेघाट आपल्याला माहीत असेलच. घाटमाथ्यावर सातवाहनांनी लेणे कोरले, आत भिंतींलगत दगडी बाक ठेवले, भिंतीवर लेख खोदला. लेखात नागनिकेच्या यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादी आहे, म्हणजे श्रेय घेण्यात तेही मागे नव्हते. पण बाक आजही आहेत, आणि पावसात अडकलेला माणूस आजही त्या लेण्यात शिरतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्याला घाट चढून आलेल्या वाटसरूची सोय आपल्या अखत्यारीत येते असे वाटले होते. अडाणी राज्य असावे.

दूरचे उदाहरण हवे असेल तर न्यूझीलंडचे घ्या. तिथेही जंगल एकाकडे, जमीन दुसऱ्याकडे, वन्यजीव तिसऱ्याकडे असा कारभार होता. १९८७ साली त्यांनी सगळे एका खात्याखाली आणले. आज ते एकच खाते साडेनऊशेच्या आसपास निवारे सांभाळते. कित्येक निवारे नुसत्या लाकडी खोल्या आहेत. बिछान्याची फळी आणि पावसाच्या पाण्याची टाकी, काम झाले.

इथे एक भीती बोलून दाखवतो, कारण आपला स्वभाव आता परिचयाचा झाला आहे. निवारा मागितला की आपण रिसॉर्ट देता. काचेच्या भिंती, सेल्फी पॉइंट, डांबरी रस्ता, ठेकेदार. ते नको. पाचनईत आणि खिरेश्वरला घरोघरी पिठलं-भाकरी मिळते, अंथरूण मिळते. त्यावर तिथली कुटुंबे जगतात. खिंडीतल्या छपराने त्यांच्या पोटावर पाय आणू नये. तिथे चूल नको, खाट नको, वीज नको, आरक्षण तर नकोच. काळ्या दगडाच्या भिंती, वाऱ्याकडे पाठ, एक ओटा, बचावाचा दूरध्वनी क्रमांक आणि दाराला कुलूप नाही. देखभाल गावच्या वन समितीकडे, तिला त्याचे वेगळे मानधन. दारूच्या बाटल्या येतील, असे आपण म्हणाल. येतील. गुहांमध्ये आजही येतात. म्हणून गुहा बुजवल्या नाहीत.

छप्पर मागणे बाजूला ठेवू हवे तर. आत्ता मागणी त्याहून लहान आहे. तोलार खिंडीत निवारा बांधण्याची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची, एवढे एक नाव लेखी कळवा. २००५च्या विलंब प्रतिबंध कायद्याप्रमाणे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर थांबता कामा नये. आमची फाईल टेबलोटेबली फिरते आहे म्हणून ती थांबलेली नाही, असा युक्तिवाद आपण कराल. कल्पक आहे, पण तो पुन्हा ऐकण्याची तयारी नाही. नाव पावसाळ्याआधी कळवावे. ७ जूनच्या आसपास धुके खिंडीत उतरू लागते, आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज लागत नाही.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक डोंगरभटका

प्रत : माहितीसाठी व पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी. कोणाला, ते आपणच ठरवून पाठवावी.