पटत नसेल तर जा!

तर झालं असं. परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने सोसायटीसमोरच्या रस्त्याचा फोटो टाकला. गेल्या वर्षी बुजवलेले खड्डे यंदा पहिल्याच पावसात पुन्हा उघडलेले. खाली लिहिलं होतं, "एवढा टॅक्स भरून हेच मिळणार असेल तर भरायचा कशाला?" पाच मिनिटांत नानाकाकांचं उत्तर, "पटत नसेल तर देश सोड. मावशी गेलीच ना?" त्यावर सात अंगठे.

मी काहीच लिहिलं नाही. पण ते 'मावशी गेलीच ना' डोक्यातून जाईना. म्हणून हे इथे.

नानाकाकांचा मुद्दा तसा फार जुना आहे बरं का. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिस अथेन्सच्या तुरुंगात मरणाची वाट बघत होता. त्याचा मित्र क्रिटो त्याला पळवून न्यायला आला, पण सॉक्रेटिस नाही म्हणाला. प्लेटोने हा प्रसंग लिहून ठेवलाय. त्यात सॉक्रेटिस शहराच्या कायद्यांनाच बोलायला लावतो. ते म्हणतात, सत्तर वर्षं इथे राहिलास, दारं उघडी होती, तरी गेला नाहीस. म्हणजे आम्ही तुला मान्य होतो. पुढे १६८९ साली इंग्लंडमध्ये जॉन लॉकने जवळपास हेच मांडलं. राज्याला अधिकार मिळतो तो लोकांच्या संमतीतून, आणि एखाद्याने तोंडाने संमती दिली नसली, तरी तो तिथल्या रस्त्यावरून नुसता चालला की ती मूक संमती धरायची. (रस्त्यात खड्डे असले तर काय, हे लॉक सांगत नाही!)

यावर मला पटलेलं उत्तर डेव्हिड ह्यूमचं. १७४८ साली छापलेल्या निबंधात तो विचारतो, ज्याचं हातावर पोट आहे, ज्याला परकी भाषा येत नाही, अशा गरीब माणसाला देश सोडायची मोकळीक आहे असं म्हणायचं तरी कसं? एखाद्याला झोपेत जहाजावर आणून ठेवायचं, आणि मग वर सांगायचं की नको असेल तर समुद्र आहेच, मार उडी!

मी त्या जहाजावरून उतरलेली बाई, म्हणून अनुभवाने सांगते. मी काही पोहत गेले नाही. शिक्षण, बरं इंग्रजी, आईने मोडलेल्या पाटल्या आणि अमेरिकेतल्या एका नातेवाइकाचा पत्ता, एवढी होडी माझ्यापाशी होती. आईकडे पंचवीस वर्षं भांडी घासणाऱ्या मावशींकडे यातलं काय होतं? त्या इथेच राहिल्या, म्हणजे त्यांनी संमती दिली?

बरं, माझ्या संमतीचं तरी काय? हा करार खरोखर, तोंडाने बोलून करणारे लोक थोडे. मी त्यातली एक. २०११ साली एका सभागृहात उजवा हात वर करून मी अमेरिकेची शपथ घेतली. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे माझं भारतीय नागरिकत्व तिथेच संपलं. मनापासून घेतली का शपथ? अर्धी. उरलेल्या अर्ध्यात व्हिसाची धाकधूक होती, मुलांच्या शाळा होत्या... घरी येऊन जुना पासपोर्ट हातात घेऊन बराच वेळ बसले होते. म्हणजे करार करणाऱ्यांची संमतीसुद्धा अशी भेसळीची!

मग सत्तेला अधिकार येतो कुठून? मला उत्तर सापडलं ते पुन्हा त्या तुरुंगातच. कायदे तिथे आणखी एक गोष्ट सांगतात, आणि नेमकी तीच आपण विसरतो. एक तर आमचं ऐक, नाहीतर आमचं चुकतंय हे आम्हाला पटवून दे. म्हणजे निघून जाणं हा एकच रस्ता नव्हता. राहून पटवणं हाही होता.

आपल्या घटनेचंच बघा ना. घटना समितीतले प्रांतांचे सदस्य १९४६ मध्ये प्रांतिक विधिमंडळांनी निवडले, आणि त्या विधिमंडळांसाठी मत द्यायचा हक्कच मोजक्यांना होता. माझ्या आजीला कोणी विचारलं नव्हतं. पण १९५१-५२ च्या निवडणुकीत सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मत मिळालं, आणि तेव्हापासून घटनेत शंभराहून जास्त दुरुस्त्या झाल्या. सगळ्या चांगल्याच होत्या असं नाही. पण सही न केलेला करारही आपला वाटू शकतो, तो बदलता येतो म्हणून.

नानाकाका, रागावू नका. टॅक्स भरायचा कशाला, हे भाच्याचं मलाही पटलेलं नाही. भरायचा, आणि भरून भांडायचं. तो मत देतो, टॅक्स भरतो आणि वर कुरकुरतो, यात तो करार मोडत नाहीये, पाळतोय. माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे. त्यावर तिकडे येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. त्या रस्त्याबद्दल मत द्यायचा हक्क गमावलाय तो मी, त्याने नाही.

असो. आत्ताच भाच्याच्या फोटोखाली अंगठा टाकून आले. सध्या तरी एकटाच आहे.