ब्लाउजच्या आधी झूल शिवा



"मॅडम, मला शिवायची आवड आहे. मशीन घेते आणि ब्लाउज सुरू करते." हे वाक्य मी नेरच्या माझ्या दुकानात आणि ट्रेनिंगमध्ये कितीदा ऐकलं, त्याचा हिशोब नाही. म्हणून आज माझं मत सरळ सांगते. आवड म्हणून घरी शिवणाऱ्या ताईने पहिला धंदा ब्लाउजचा करू नये. आधी तान्ह्या पोळ्याची झूल शिवावी.

हसू नका. कारण ऐका.

ब्लाउज दिसतो छोटा, पण शिवणकामातली अवघड वस्तू आहे. छाती, कंबर, मुंढा, गळा, बाहीचा घेर, यातल्या एका मापात अर्धा इंच चुकलं की ब्लाउज अंगावर बसत नाही. त्यात कापड तुमचं नसतं. साडीतूनच कापलेला पीस असतो, बिघडला की तसाच दुसरा मिळत नाही. मी स्वतः हे भोगलंय. ओळखीच्या एका काकूंचा लग्नातला ब्लाउज होता. मुंढा जास्त खोल कापला गेला. जोड लावला, तर तो लांबून दिसत होता. मॅचिंग कापड शोधण्यात दोन दिवस गेले, शिलाई गेली, वरून कापडाचे पैसे मी भरले. काकू काही बोलल्या नाहीत, पण परतही आल्या नाहीत. आपल्या गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत चार घरी पोचते.

बीबीएला आम्हाला 'रिस्क' शिकवली होती. तिचा खरा अर्थ मला त्या मुंढ्यात कळला. दुसऱ्याच्या मालावर शिकणं ही सगळ्यात महाग शिकवणी आहे.

आता झुलीचं बघा. आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचा लाकडी बैल सजवतात, घरोघरी नेतात आणि बोजारा घेतात. त्या बैलाच्या पाठीवर झूल लागते. लाकडी बैल कधी म्हणत नाही, "ताई, काखेत दाटते." फिटिंग नाही, ट्रायल नाही, आणि कापड तुमचं स्वतःचं. चुकलंच तर नुकसान दहा-वीस रुपयांचं. हात मात्र सरळ टीप, कोपरा, अस्तर आणि लेस या चारही गोष्टींवर बसतो. याच चार गोष्टी पुढे ब्लाउजला लागतात.

शिवायची पद्धत थोडक्यात सांगते. वशिंडाच्या मागून शेपटीपर्यंत लांबी घ्या. मग एका बाजूच्या पोटापासून पाठीवरून दुसऱ्या पोटापर्यंत रुंदी घ्या. चारही बाजूंनी अर्धा इंच शिलाईसाठी सोडा. सॅटिन घसरतं, म्हणून कापण्याआधी आणि शिवताना टाचण्या लावा. सुई ११ नंबरची बारीक वापरा. जाड सुईने सॅटिनचे धागे ओढले जातात. सॅटिन आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून जोडा, तीन इंच उघडं सोडा. चारही कोपरे टिपेच्या जवळ तिरके छाटा, मग उलटवा. कोपरे न छाटता उलटवलं की तिथे गोळा होतो आणि वस्तू लगेच 'घरची' वाटते. इस्त्री मंद ठेवा, कडेने पुन्हा टीप मारा, शेवटी लेस आणि पोटाखाली बांधायला दोन नाड्या. खालच्या बाजूला दोऱ्याची घुंगरं दिसायला लागली, तर आधी वरचा धागा काढून पुन्हा नीट ओवा. बहुतेक वेळा दोष वरच्या ताणात असतो, आणि आपण उगाच बॉबिन केसचा स्क्रू फिरवत बसतो.

आता पैशाचं. इथेच बहुतेक जणी हरतात. १० बाय १२ इंचांची झूल धरा. शिलाईसह ११ बाय १३ लागते. ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटर सॅटिनमधून आडवे चार, उभे तीन, म्हणजे १२ तुकडे निघतात. अस्तराचंही तसंच. समजा सॅटिन ७० रुपये मीटर आणि अस्तर ४० रुपये मीटर. ११० भागिले १२, म्हणजे एका झुलीला साधारण ९ रुपयांचं कापड. लेस सव्वा मीटर, ८ रुपयांच्या भावाने १० रुपये. नाडी, धागा आणि वीज धरून ३, पिशवी २. झाले २४ रुपये. भाव तुमच्या बाजारातले घालून बघा, रीत हीच ठेवा.

बहुतेक जणी इथेच थांबतात. "२४ ची वस्तू ४० ला विकली, १६ रुपये सुटले!" नाही ताई, सुटले नाहीत. तुम्ही २५ मिनिटं शिवलं. तुमचा तास ६० रुपयांचा धरला तरी २५ रुपये मजुरी झाली. म्हणजे झूल ४९ ला पडली आणि तुम्ही प्रत्येक झुलीमागे ९ रुपये पदरचे घातले. स्वतःची मजुरी न धरणं म्हणजे काटकसर नव्हे, ते गिऱ्हाइकाला दिलेलं दान आहे.

यावर उपाय दोन. पहिला, एकेक झूल पूर्ण करू नका. १२ एकदम कापा, १२ एकदम जोडा, १२ एकदम उलटवा, मग सगळ्यांना लेस लावा. रंगाचा धागा एकदाच बदलतो, इस्त्री एकदाच तापते. २५ मिनिटांची १५ झाली, तर तीच झूल ३९ ला पडते. दुसरा, भाव दोन ठेवा, दुकानदाराला ५५ आणि थेट घेणाऱ्याला ७५. कोणी म्हणेलच, "बजारात तं चाळीसले भेटते न वो ताई!" भांडू नका. झूल उलटी करून आतलं अस्तर दाखवा. तरी नकोच म्हणाली, तर ते तुमचं गिऱ्हाईक नव्हतं.

दुकानात माल ठेवाल तर पहिल्या वर्षी १० नगच द्या. किती दिले, किती विकले, किती परत आले हे वहीत लिहा आणि त्यावर दुकानदाराची सही घ्या. तोंडी उधारीत ओळख जाते आणि पैसेही जातात.

आता तुम्ही म्हणाल, पोळा वर्षातून एकदा, मग बाकी अकरा महिने काय? म्हणूनच म्हणते, भिंतीवरचं कॅलेंडर काढा. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू चालतं. वाण म्हणून एकेक घर पन्नास-पन्नास नग घेतं, तिथे चेनचे छोटे पाऊच चालतात. जूनमध्ये शाळेच्या डब्याच्या पिशव्या. जन्माष्टमीला बाळकृष्णाचे कपडे. पोळ्यानंतर आपल्याकडच्या महालक्ष्म्यांच्या तयार साड्या. दिवाळीला तोरणं, लग्नसराईत आहेराच्या बटव्या. यातल्या एकाही वस्तूला माणसाचं माप लागत नाही. फक्त सण एक दिवसाने जरी टळला, तरी माल वर्षभर अडकतो. म्हणून पोळ्याचं कापड आषाढात आणायचं आणि श्रावण लागेपर्यंत नमुने दुकानात पोचवायचे.

मी ब्लाउजच्या विरोधात नाही. बाराही महिने काम ब्लाउजच देतो, हे खरं आहे. पण ती विद्या आहे, चार व्हिडिओ पाहून येत नाही, माझे व्हिडिओ पाहूनही नाही. आयटीआयमध्ये शिवणकामाचा ट्रेड एक वर्षाचा असतो, तो उगाच नाही. एखाद्या लेडीज टेलर ताईंकडे सहा महिने हात बसवा. तोवर घरखर्चाला झूल आणि पाऊच हातभार लावतील.

मशीनबद्दल शेवटचं. बचत गटातून कर्ज काढून पिको-फॉलसह मोठी मशीन घ्यायची घाई करू नका. ब्लाउजचा हात बसेपर्यंत हप्ता थांबत नाही. मग मशीनवर आधी कव्हर येतं, नंतर धुतलेल्या कपड्यांचा ढीग येतो. बहिणीची, शेजारणीची जुनी मशीन मागून घ्या, पहिल्या १२ झुली तिच्यावर होतात. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिवणकाम आहे, साहित्यासाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज आहे. पण ती हा व्यवसाय आधीपासून करणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या आवडीसाठी नाही. आणि 'मोफत शिलाई मशीन, आजच फॉर्म भरा' असे मेसेज आले तर एक रुपयाही पाठवू नका. असे दावे खोटे असल्याचं सरकारच्या पीआयबीनेच सांगितलंय.

तर या आठवड्याचा गृहपाठ. एक मीटर सॅटिन, एक मीटर अस्तर, १२ झुली. घड्याळ लावून शिवा. पहिल्या झुलीला लागलेली मिनिटं आणि बाराव्या झुलीला लागलेली मिनिटं वहीत लिहा. या दोन आकड्यांतला फरक हीच तुमची पहिली कमाई. तो फरक दिसला, की धंद्याचं बोलू.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. शिवत राहा, आणि मोजत राहा!