वृद्धांचे ताट आणि बांधावरचे झाड

ज्येष्ठ महिना लागला की वाशीच्या घाऊक फळबाजारात जांभळांच्या पाट्या येऊ लागतात. ज्या घरातून ती जांभळे आली, त्या घरातील आजोबांच्या हाती त्यांपैकी किती पडली, असे विचारल्यास समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. चांगले ते बाजाराला व उरलेले घराला, ही आपली रीत आहे. तिचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जांभळाचा गडद रंग, कोकमाची लाली, आवळ्याचा तुरटपणा आणि नाचणीच्या टरफलाचा तांबूस वर्ण यांच्या मुळाशी मुख्यत्वे पॉलिफिनॉल या वर्गातील द्रव्ये असतात. त्यांतील बराच भाग लहान आतड्यात शोषला न जाता मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील असंख्य जीवाणू त्यांचे विघटन करतात व त्यांपासून शरीरास उपयोगी अशी लहान द्रव्ये निर्माण होतात. उलटपक्षी, याच द्रव्यांमुळे काही जीवाणूंची वाढ होते, तर काहींची खुंटते. शेणखताने जमिनीतील जीवाणू पोसले जातात, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. आतड्याचेही तसेच आहे.

उतारवयात आहार कमी व एकसुरी होतो आणि जीवाणूंचे वैविध्य घटू लागते. आयर्लंडमधील १७८ वृद्धांच्या पाहणीत, जी २०१२ साली प्रसिद्ध झाली, असे आढळले की शुश्रूषागृहात दीर्घकाळ राहणाऱ्यांचा आहार कमी विविध होता, त्यांचे जीवाणूही कमी विविध होते आणि प्रकृतीही अधिक क्षीण होती. इटलीत साठीपुढील व्यक्तींना आठ आठवडे पॉलिफिनॉलयुक्त आहार देण्यात आला, तेव्हा आतड्याच्या अस्तराची गळती दर्शविणारे रक्तातील एक द्रव्य घटले. तथापि असे प्रयोग अल्पकाळाचे व थोड्या लोकांवरील आहेत. डाळिंबातील द्रव्यांचे उपयुक्त रूपांतर करणारे जीवाणूही सर्वांच्या आतड्यात नसतात. म्हणून 'जांभूळ खा आणि आयुष्य वाढवा' असे आश्वासन कोणीही देऊ नये. महागड्या गोळ्यांची शिफारस तर मुळीच करू नये.

मग करावे काय? नाचणीचे सत्त्व वस्त्रगाळ करताना टरफलाचा चोथा टाकून दिला जातो. पॉलिफिनॉल बहुतांशी त्यातच असतात. ज्यांना पचते त्या वृद्धांना न चाळलेल्या पिठाची भाकरी किंवा आंबील द्यावी. कोकमाचे सार बिनसाखरेचे असावे. रक्तदाब असल्यास आमसुलातील मिठाचाही विचार करावा. ही तुरट द्रव्ये लोहाच्या शोषणास अडथळा करतात, यास्तव जेवणास लागून चहा घेऊ नये. मधुमेहाची औषधे जांभळाच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे.

नवी मुंबईसाठी १९७० नंतर ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. भातखाचरे गेली, तशी त्यांच्या बांधांवरची झाडेही गेली. जेथे बांध अद्याप शिल्लक आहेत, तेथे जांभूळ, कोकम व आवळा यांना केवळ सावलीचा उपद्रव समजून कुऱ्हाड लावू नये. नव्या लागवडीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' हे कोकम आणि 'कोकण बहाडोली' हे जांभूळ प्रसारित केले आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पीकनियोजनाची चर्चा करताना हेक्टरी उत्पन्नाबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: घरातील वडीलधाऱ्यांसाठी यातून काय राखून ठेवणार? पहिली पाटी बाजारास जाण्यापूर्वी ओंजळभर फळे घरात राहिली, तर शेतकऱ्याचे नुकसान नगण्य आहे. ज्यांनी ती झाडे लावली, त्यांचा त्या फळांवर पहिला हक्क आहे.