फोनचे सोंग कशाला?

आमच्या भंडारा जिल्ह्यात हल्ली ज्याच्या त्याच्या घरी एक तरी मूल "मला ॲप तयार करायला शिकायचे आहे" असे म्हणते. याबद्दल माझी काही तक्रार नाही. पोरांनी नुसते फोन पाहत बसण्यापेक्षा फोनच्या आत काय चालते ते पाहावे, हे केव्हाही बरे. माझी तक्रार आहे ती त्यांना पहिला धडा म्हणून जे काय शिकवतात त्याविषयी. पहिल्याच दिवशी संगणकावर अँड्रॉइड स्टुडिओ चढवायचा, त्यात एम्युलेटर उभा करायचा, आणि तो उभा राहीपर्यंत पोराने हात बांधून बसायचे, असा परिपाठ पडून गेला आहे. हा परिपाठ खर्चाचा आहे, उलटा आहे, आणि आमच्यासारख्या जिल्ह्यातल्या पोरांना पहिल्याच पायरीवर पाडणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवले. पहिला तास फसला की पुढे वर्षभर तो विषय मुलाला अवघडच वाटत राहतो, एवढे तरी त्यातून मला कळले आहे.

फराळाबरोबर हा अंक चाळणाऱ्या आजीआजोबांसाठी प्रथम हे एम्युलेटर प्रकरण काय ते सांगतो. ॲप लिहायचे संगणकावर, पण ते चालणार फोनवर. लिहिलेले बरोबर चालते की नाही हे घडोघडी पाहावे लागते. त्यासाठी संगणकच फोनचे सोंग घेतो. पडद्यावर फोनसारखी चौकट उमटते, तिच्यात अँड्रॉइड सुरू होते, आणि माउसने टिचकी मारली की बोटाने मारल्यासारखे होते. यंत्राने यंत्राचे सोंग घेण्याची ही विद्या जुनीच आहे. आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टिम ३६० ही नवी यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा १४०१ या आपल्या जुन्या यंत्रासाठी गिऱ्हाइकांनी लिहून ठेवलेली कामे वाया जाऊ नयेत म्हणून मालिकेतल्या काही यंत्रांत जुन्याचे सोंग आणण्याची सोय ठेवली होती. आजच्या अँड्रॉइड एम्युलेटरच्या पोटात क्यूईएमयू नावाची जी प्रणाली आहे, ती फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने २००३ साली लोकांपुढे ठेवली. विद्या मोठी आहे, यात शंका नाही. पण आयबीएमच्या गिऱ्हाइकाकडचे जुने यंत्र जाणार होते, म्हणून त्या सोंगाला अर्थ होता. आमच्या पोराच्या घरी फोन आहे; नाही तो ताकदवान संगणक. जे घरात आहे त्याचे सोंग, जे घरात नाही त्याच्याकडून आणवायचे, हा कुठला व्यवहार?

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. अँड्रॉइड स्टुडिओ हा फुकट मिळतो हे खरे. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये निघाली, आणि तेव्हापासून गूगलने त्याला एक छदामही मागितलेला नाही. पण तो चालायला नुसत्या स्टुडिओपुरती ८ जीबी मेमरी हवी, आणि एम्युलेटरही हवा असेल तर १६ जीबी, असे त्याच्या कर्त्यांनीच लिहून ठेवले आहे. आता धान विकून आलेल्या पैशातून बी-बियाणे, खत, आजारपण आणि धाकट्याची फी भागवून १६ जीबीचा लॅपटॉप कुठल्या घरात येतो, ते मला दाखवा. बरे, संगणक कसाबसा मिळाला तरी सोंगाचे सामान उतरवून घ्यावे लागते, ते काही जीबींच्या घरात जाते. फोनवर रोज दीड-दोन जीबीचा डेटा मिळणाऱ्या घरात ते तीन-चार दिवस चालते. मग कुणीतरी सांगतो की संगणकाच्या बायॉसमध्ये शिरून व्हर्च्युअलायझेशन नावाची कळ आधी चालू करावी लागते. मुलाने अजून ॲपची एक ओळदेखील लिहिलेली नसते.

माझी एक भाची आहे, लाखनी तालुक्यातली. ती जवळच्या शहरातल्या एका शिकवणी वर्गाला जात होती. तिथल्या संगणकांत ४ जीबी मेमरी. गुरुजींनी एम्युलेटर सुरू करायला सांगितले आणि वीस मुले काळ्या पडद्याकडे पाहत बसली. तीन आठवडे असे गेले. तिसऱ्या रविवारी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मामा, मला हे जमणार नाही. माझं डोकंच चालत नाही." तिचे डोके उत्तम चालते, चालत नव्हते ते वर्गातले यंत्र. पण यंत्राचा दोष पोरीने स्वतःच्या कपाळी लावून घेतला, आणि फी घेणाऱ्या कुणालाही तिला तसे सांगावेसे वाटले नाही, याचा मला संताप आला. हा लेख लिहायला बसलो तो त्या संतापापोटी.

पुढे तिने चुलतभावाच्या चांगल्या लॅपटॉपवर एक लहानसे ॲप केले. रोवणीच्या दिवसांत कोणती बाई किती दिवस आली आणि तिची किती मजुरी निघते, याचा हिशेब. तिची आजी तो कॅलेंडरवर रेघा मारून ठेवते, आणि दरवर्षी एका तरी रेघेवरून वाद होतो. एम्युलेटरमध्ये ॲप देखणे दिसले. मग तेच तिने आजीच्या फोनवर चढवले आणि जुलैत बांधीवर नेले. आजीने डोळ्यांसाठी फोनमधली अक्षरे सगळ्यांत मोठी करून ठेवलेली होती. त्यामुळे 'जतन करा' हे बटण पडद्याच्या खाली जाऊन नाहीसे झाले. उन्हात फिकट करडी अक्षरे कुणालाच दिसेनात. चिखलाच्या ओल्या बोटाने लहान चौकटीवर टिचकी बसेना. धुऱ्यावर फोन आडवा झाला आणि भरलेली नावे गेली, कारण फोन आडवा झाला की अँड्रॉइड पडदा मोडून नव्याने मांडतो, आणि जे सांभाळून ठेवायला सांगितलेले नसते ते टाकून देतो. नावे पुन्हा भरली, तर मध्येच जावयाचा फोन आला. २ जीबी मेमरीच्या त्या जुन्या फोनने जागा करण्यासाठी मागे गेलेले ॲप बंदच करून टाकले. एका सकाळीत पाच दोष! आजी म्हणाली, "माझं कॅलेंडर बरं आहे, बाई."

भाचीने त्या रात्री पाचांपैकी तीन दोष काढले. ॲप बनवणे म्हणजे काय हे तिला त्या रात्री कळले, असे मी म्हणेन.

यावर जाणकार मंडळी म्हणतील की, मास्तर, मोठी अक्षरे, आडवा पडदा, कमी मेमरी हे सारे एम्युलेटरमध्येही लावून पाहता येते. येते, मान्य. पण लावायचे कुणाला सुचते? आजीचे डोळे, जुलैचे ऊन आणि जावयाचा फोन हे ज्याने पाहिले आहेत, त्यालाच. आणि ते पाहायला फोन घेऊन बाहेर पडावे लागते. एम्युलेटरमध्ये चिखल कुठल्या कळीने लावतात, तेही एकदा या मंडळींनी मला सांगावे.

या सोंगाची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. एम्युलेटरला ठिकाण सांगितले नाही, तर तो आपण अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू येथे, गूगलच्या कचेरीपाशी उभे आहोत असे बेलाशक सांगतो. त्याच्या मागच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर बहुधा एक सजवलेला दिवाणखाना दिसतो. आता आपल्या राज्यातल्या शेतकऱ्याच्या हातातले सर्वांत महत्त्वाचे ॲप कोणते? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी. पूर्वी तलाठ्याने करायची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून करायची, पिकाचा फोटो काढायचा, आणि त्याबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश जायचे. सातबाऱ्यावरचे पीक त्यावर ठरते. नुकसानभरपाई आणि धानाची विक्री यांचा धागा त्या सातबाऱ्याशी बांधलेला. अशा जातीचे ॲप आमच्या जिल्ह्यातल्या पोराने करायला घेतले, तर एम्युलेटरच्या लेखी त्याचे धान कॅलिफोर्नियात आणि बांधी दिवाणखान्यात! ठिकाण बदलून भंडारा घालता येते, ठाऊक आहे. पण मामा तलावाच्या पाळीवर नेटवर्क येते आणि पाळीखाली उतरले की जाते, ही माहिती कुठल्या चौकटीत भरायची?

दुसरा आक्षेप असा येतो की आधी तालीम, मग प्रयोग. तालमीचे महत्त्व झाडीपट्टीतल्या माणसाला कुणी सांगू नये. भाऊबीज झाली की गावोगाव मंडया भरतील, दंडारी होतील, रात्रभर नाटके चालतील. पण तालीम नट स्वतः करतात. नटाच्या जागी बाहुले उभे करून कुणी तालीम केल्याचे मी ऐकलेले नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. घरात एकच फोन असतो, आणि अँड्रॉइडच्या आवृत्त्या आणि पडद्यांचे आकार अनेक. आपले ॲप जुन्या आवृत्तीवर, रुंद टॅब्लेटवर कसे दिसते हे पाहायला वीस उपकरणे कोण विकत घेणार? तिथे एम्युलेटरला तोड नाही. ज्याला ॲप चार जिल्ह्यांत पसरवायचे आहे त्याने तो जरूर शिकावा, चौथ्या-पाचव्या महिन्यात, कॉलेजच्या एखाद्या बऱ्या यंत्रावर. माझे भांडण त्याला पहिल्या दिवशी पाटावर बसवण्याशी आहे. (आयफोनची गोष्ट मी काढतच नाही. त्यासाठी ॲपलचाच संगणक लागतो, आणि ॲप दुकानात मांडायचे तर वर्षाला ९९ डॉलर. त्यांचे दुकान त्यांना लखलाभ.)

मग पहिल्या दिवशी करायचे काय? फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' असा भाग असतो. त्यात, किंवा त्याच्या पोटातल्या एखाद्या पानावर, बिल्ड नंबर लिहिलेला असतो. त्यावर सात वेळा टिचकी मारायची. सप्तपदी पुरी झाली की फोन स्वतःच सांगतो की आता तुम्ही डेव्हलपर झालात. मग डेव्हलपर पर्यायांत जाऊन यूएसबी डिबगिंग चालू करायचे, फोन वायरीने संगणकाला जोडायचा, आणि "या संगणकावर विश्वास ठेवू का?" अशा अर्थाचा प्रश्न फोन विचारेल त्याला होकार द्यायचा. बस्स. वायर तेवढी पाहून घ्या; काही स्वस्त वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही, आणि पोरे दिवसभर उगाच फोनला दोष देत बसतात. एवढे केले की एम्युलेटरचा भार उतरतो आणि ८ जीबीचा साधा संगणक पुरतो.

तोही नसेल तर ॲप इन्व्हेंटर आहे. हॅल ॲबेल्सन या प्राध्यापकाच्या पुढाकाराने ते २०१० साली गूगलमध्ये निघाले आणि पुढे एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाकडे गेले. ते ब्राउझरमध्येच चालते. ठोकळ्याला ठोकळा जोडून ॲप रचायचे, फोनवर त्यांचे सोबती ॲप घ्यायचे, पडद्यावरच्या चौकोनी खुणेवर कॅमेरा धरायचा, की रचलेले ॲप हातातल्या फोनवर दिसू लागते. संगणकावर ठोकळा हलवला की फोनवर बटण हलते. आठवीतले पोर ते पाहून टाळी वाजवते. मोठी मंडळी याला पोरखेळ म्हणतात, म्हणोत. शाळेतल्या जुन्या यंत्रांवर जे चालते तेच शाळेत शिकवता येते.

आणि दुसऱ्याच आठवड्यात मराठी. ॲपमधले शब्द प्रोग्रॅममध्ये न खुपसता वेगळ्या फाइलीत ठेवायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. इंग्रजीची एक फाइल, मराठीची दुसरी. फोनची भाषा मराठी असली की तो आपणहून मराठी फाइल उघडतो. हे कामही एम्युलेटरच्या इंग्रजी पडद्यासमोर बसून कुणाला आठवत नाही. आजीचा फोन हातात असला की आठवते.

शेवटी, ज्यांनी हा एम्युलेटर घडवला त्या गूगलचाच एक नियम सांगतो. प्ले स्टोअरवर ॲप ठेवायचे तर एकदाच २५ डॉलर भरून खाते काढावे लागते, आणि त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट आहे: ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी ते खऱ्या माणसांना सलग १४ दिवस चाचणीसाठी द्यायचे. आधी अशी २० माणसे लागत. डिसेंबर २०२४ पासून १२ लागतात. तेव्हा भाऊबीजेला घर भरलेले असताना एखादा भाचा किंवा पुतणी तुमच्यापुढे फोन धरून "एवढं टाकून घ्या ना" म्हणाली, तर तिला अभ्यासाला बस म्हणून हाकलू नका. बाराजणांत तुमचे नाव द्या, आणि १४ दिवस ते ॲप खरोखर वापरून काय बिघडते ते तिला सांगा. घरचा फोन वायरीसाठी मागितला तर तोही द्या. काम संपल्यावर यूएसबी डिबगिंग बंद करायला मात्र लावा; त्याच फोनवर घरातले बँकेचे व्यवहारही चालतात.