मुलांचा फुटबॉल आणि आपला बटवा

मैत्रिणींनो, परीक्षा संपून सुट्ट्या लागल्या की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गाव कोणतंही असो, तक्रार एकच. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत पोरगा कॉटवर आडवा पडून मोबाइलवर फुटबॉल खेळतोय. "असू दे, मारामारीचा खेळ तर नाही ना," असं एकीचं म्हणणं. "कसला फुटबॉल नि कसलं काय, डोळे फोडून घेतोय," असं दुसरीचं. दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण खरी गोम तिसरीकडेच आहे, आणि ती आपल्या बटव्याशी येऊन भिडते. म्हणून आज या खेळाची दोन्ही अंगं नीट बघू या.

मुलं खेळतात ते बहुधा दोन खेळ. एक 'एफसी मोबाइल'. हा 'फिफा' घराण्यातला. 1993 साली निघालेल्या 'फिफा' खेळांचं नाव 2023 मध्ये बदलून 'ईए स्पोर्ट्स एफसी' झालं. दुसरा 'ई-फुटबॉल', कोनामी या जपानी कंपनीचा. डाव्या अंगठ्याने खेळाडू पळवायचा, उजव्याने चेंडू द्यायचा नाहीतर गोलवर मारायचा, अशी एकूण रीत.

आधी गुण सांगते. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत, तिथली मुलं सामने बघतच मोठी होतात. आपल्याकडे पोरांच्या तोंडी क्रिकेट नाहीतर कबड्डी. इथल्या मुलाला ऑफसाइड म्हणजे काय, बचावाचा खेळाडू कुठे उभा राहतो, हे बहुतेक वेळा या खेळातूनच कळतं. खेळाडू कुठल्या देशाचा, कुठल्या क्लबचा, हे पाठ करता करता नकाशाही पाठ होतो. 'फिफा 22' मध्ये तर आपली इंडियन सुपर लीगही आली होती, म्हणजे मुंबई सिटीचा संघ घेऊन खेळता येत होतं. आणि मुलींच्या आयांनो, हे लक्षात ठेवा: 2015 साली निघालेल्या 'फिफा 16' मध्ये पहिल्यांदा बायकांचे संघ आले, बारा देशांचे. तेव्हा घरात मुलगी असेल तर "हा मुलांचा खेळ" म्हणून तिच्या हातून मोबाइल काढून भावाच्या हातात देऊ नका!

आता दोष. पहिला तर तुम्हाला ठाऊकच आहे. पडद्यावरचा खेळाडू मैदानभर धावतो, पण आपल्या पोराला घामाचा थेंब फुटत नाही. नव्वद मिनिटांचा सामना काही मिनिटांत उरकतो, म्हणून "एकच मॅच, आई" असं म्हणत दहा होतात आणि ताटातलं वरण गार होतं.

दुसरा दोष मोठा. हे खेळ मोबाइलवर घ्यायला फुकट. फुकट ते पौष्टिक, असं आपण थट्टेनं म्हणतो. पण कंपनी काही अन्नछत्र घालून बसलेली नाही. खेळात चांगले खेळाडू मिळवायचे तर पाकिटं उघडावी लागतात. काही पाकिटं खेळून मिळतात, काही पैसे मोजून. आत कोण निघेल हे नशिबावर. झगमगाट होतो, पत्ता उलटतो, आणि हवा तो खेळाडू सोडून भलताच कुणी बाहेर येतो. मग आणखी एक पाकीट, आणखी एक!

आपल्या भिशीतही चिठ्ठीच निघते. पण भिशीत प्रत्येकीचा नंबर कधी ना कधी लागतोच, आपला पैसा आपल्याकडे येतो. इथं नंबर लागेलच असं नाही, आणि गेलेला पैसा परतत नाही. शिवाय नवेनवे जोरदार खेळाडू सारखे येत राहतात आणि कालचा हिरा आज काच ठरतो. बेल्जियम देशाने 2018 मध्ये अशा पाकिटांना जुगारात धरलं आणि पुढच्या वर्षी कंपनीला तिथं ती पैशाने विकणं बंद करावं लागलं. आपल्याकडे 2025 मध्ये पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. पण या पाकिटांतून रोख पैसा निघत नाही, तेव्हा त्या बंदीच्या भरवशावर निर्धास्त राहू नका.

मग करायचं काय? मोबाइल हिसकावून कपाटात ठेवला तर पोर शेजारच्या मोबाइलवर खेळेल आणि तुमच्यापासून लपवायला शिकेल. त्यापेक्षा खेळ राहू द्या आणि बटव्याला गाठ मारा.

एक: प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा, सेटिंगमध्ये जा. प्रत्येक खरेदीच्या वेळी पासवर्ड मागितला जाईल अशी सोय तिथं आहे, ती चालू करा.

दोन: यूपीआयचा पिन लेकराच्या जन्मतारखेचा ठेवू नका. आणि "जरा तूच टाक रे पैसे" म्हणून तो त्याला सांगूही नका.

तीन: पाकिटात कोणता खेळाडू निघण्याची शक्यता किती, ते टक्क्यांत खेळातच दिलेलं असतं. मुलाला जवळ बसवून ते मोठ्याने वाचायला लावा. शंभर पाकिटांत असा खेळाडू किती वेळा निघेल, याचं गणित त्यालाच करू द्या. आपल्या दहा वेळच्या रागावण्यापेक्षा हे गणित जास्त काम करतं.

चार: पैसे गेलेच तर मारझोड नको. मार बसला की पुढच्या वेळी पोरगा सांगणारच नाही. त्याने लगेच सांगितलं तर 48 तासांच्या आत प्ले स्टोअरवर परतीची मागणी करता येते. मिळतीलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर मुळीच मिळणार नाहीत.

आणि पाचवं, एक खराखुरा चेंडू. 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. त्या निमित्ताने 15 सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून मुलांनी फुटबॉल खेळला, शाळांना चेंडूही मिळाले. तुमच्या मुलाच्या शाळेत असा एखादा चेंडू कपाटात हवा जाऊन पडला असेल, तर पालकसभेत उठून विचारा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी मैलोगणती पायी, धावत शाळेत जायचा. त्याने 2023 च्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्णपदक आणलं. दम भरायला आपल्या जिल्ह्याची माती कमी पडत नाही.

तेव्हा दुपारच्या उन्हात अर्धा तास मोबाइलवरचा फुटबॉल खुशाल खेळू द्या. ऊन उतरलं की मात्र चप्पल घालायला लावा आणि चेंडू हातात द्या. बटवा तेवढा आपल्या कमरेला असू द्या, म्हणजे झालं.